ॲटिका : कुप्रसिद्धी कोणाची?



एखाद्या तुरुंगाचा इतिहास सांगावयाचा म्हटले की सांगणारा बहुधा तेथे राहून गेलेल्या गाजलेल्या गुन्हेगारांची यादी पुढे करतो. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागात, बफेलो शहराच्या पूर्वेस, ॲटिका नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथील कडेकोट बंदोबस्ताच्या राज्य-तुरुंगाविषयीही हेच होत आले आहे. या यादीत विली सटन आहे. बँका लुटणे हा त्याचा व्यवसाय आणि तुरुंगातून निसटणे हा त्याचा छंद. बँकाच का लुटतोस, असे विचारल्यावर पैसा तेथे असतो म्हणून, असे उत्तर त्याने दिल्याची आख्यायिका जगभर पसरली. ते उत्तर एका वार्ताहराने आपल्या तोंडी घातले, असे त्याने पुढे आत्मचरित्रात सांगून टाकले. १९६९ च्या नाताळच्या आदल्या दिवशी तो ॲटिकातून सुटला, आणि पुढच्याच वर्षी कनेक्टिकट राज्यातील एका बँकेने आपल्या जाहिरातीत त्यालाच उभे केले! भांडवलदारीची विनोदबुद्धी कधीकधी थक्क करणारी असते.

यादीत पुढे डेव्हिड बर्कोविट्झ येतो. १९७६-७७ साली न्यूयॉर्क शहरात सहा जणांचे प्राण घेणारा हा इसम काही वर्षे येथे होता. १९८० साली जॉन लेनन या गायकाची हत्या करणारा मार्क डेव्हिड चॅपमन २०१२ पर्यंत, म्हणजे तीस वर्षांहून अधिक काळ, येथेच होता. या नावामागे एक विलक्षण योगायोग आहे. याच लेननने १९७१ च्या डिसेंबरात हार्लेम वस्तीतील अपोलो नाट्यगृहात, ॲटिकात मारल्या गेलेल्यांच्या कुटुंबांना मदत व्हावी म्हणून झालेल्या कार्यक्रमात गायन केले होते, आणि त्या तुरुंगावर एक गीतही रचले होते.

लेनन ज्यांच्यासाठी गायला ती माणसे कुप्रसिद्धांच्या यादीत नाहीत. ज्यांनी त्यांना मारले तेही नाहीत. यादी कोण तयार करतो आणि तीत कोणाला वगळतो, हा प्रश्न गुन्हेगारीच्या शास्त्राइतकाच सत्तेच्या शास्त्राचाही आहे.

ॲटिकाची भिंत उभी राहिली त्याच्या शंभर वर्षे आधी न्यूयॉर्क राज्याने तुरुंगाची एक नवी पद्धत जगाला दिली होती. ऑबर्न गावच्या तुरुंगात १८२० च्या सुमारास ती आकाराला आली. रात्री प्रत्येक कैदी आपल्या कोठडीत एकटा. दिवसा सर्वांनी एकत्र कारखान्यात काम करावयाचे, मात्र एकमेकांशी शब्दही बोलावयाचा नाही. चालताना एकामागे एक, पावलाला पाऊल लावून. फ्रान्सचा विचारवंत टॉकव्हिल १८३१ साली अमेरिकेत गेला तो मुळात हे तुरुंग पाहावयास. लोकशाहीवरचा त्याचा विख्यात ग्रंथ नंतरचा. ऑबर्नची पद्धत लोकप्रिय झाली यात नवल नाही. धर्मोपदेशकांना तीत पश्चात्ताप दिसला आणि ठेकेदारांना स्वस्त, मुका मजूर. बाहेरच्या कामगारांना मात्र आपल्या पोटावर येणारा पाय दिसला. तुरुंगात फुकटात तयार होणाऱ्या मालाशी स्पर्धा करता येत नाही, म्हणून संघटनांनी दीर्घकाळ लढा दिला. तेव्हा कोठे १८९४ च्या राज्यघटनेने कैद्यांचे श्रम खाजगी ठेकेदाराला विकण्यास न्यूयॉर्कमध्ये बंदी घातली. यापुढे कैद्याने राज्यासाठी आणि राज्याच्या संस्थांसाठीच माल बनवावा, असे ठरले.

कामगारांचा तो विजय होता, पण अर्धा. ठेकेदार गेला, वेठ राहिली. गुलामगिरी संपविणाऱ्या १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीतच गुन्ह्याची शिक्षा म्हणून लादलेल्या सक्तीच्या श्रमाचा अपवाद लिहून ठेवलेला आहे. एकच मालक, एकच ग्राहक, आणि नकार देण्याची मुभा नसलेला कामगार. ज्या बाजारात हे तिन्ही एकत्र येतात तेथे मजुरीला तळ उरत नाही. ॲटिकाच्या धातुकामाच्या कारखान्यात सरकारी कचेऱ्यांची कपाटे बनत. कपाटाचे मोल होते, बनविणाऱ्याच्या दिवसाचे जवळजवळ नव्हते.

१९२९ साली ऑबर्न आणि क्लिंटन या राज्याच्या दोन जुन्या तुरुंगांत मोठी बंडाळी झाली. तिला उत्तर म्हणून ॲटिकाचा तुरुंग बांधला गेला आणि १९३१ मध्ये तो उघडला. तोवरच्या तुरुंगांमध्ये हा सर्वांत खर्चिक. भोवती तीस फूट उंचीची काँक्रीटची भिंत, तिच्यावर बंदूकधाऱ्यांचे मनोरे. उघडण्यापूर्वी वृत्तपत्रांनी त्याचे वर्णन कैद्यांचे नंदनवन असे केले होते. बंडाचे कारण दगडमातीत असते अशी समजूत असणाऱ्या राज्यकर्त्यांनी आणखी उत्तम दगडमाती आणली, एवढाच त्या नंदनवनाचा अर्थ. १९७० साली राज्याने आणखी एक सुधारणा केली. तुरुंगाचे नाव बदलून सुधारणा-केंद्र केले आणि पहारेकऱ्यांना सुधारणा-अधिकारी म्हणावे, असा नियम केला.

या केंद्रात १९७१ च्या सप्टेंबरात सुमारे २,२०० माणसे होती. शेकडा ५४ काळी, ९ पोर्तोरिकन, ३७ गोरी. बहुतेक न्यूयॉर्कसारख्या मोठ्या शहरांतून आलेली, घरापासून सुमारे साडेतीनशे मैल दूर. गरिबाच्या आईने वा बायकोने भेटीला यावयाचे तर प्रवासातच महिन्याची मिळकत जावी. कैद्याच्या अन्नावर दिवसाला ६३ सेंट खर्च होत. स्नान आठवड्यातून एकदा. शौचाच्या कागदाची गुंडाळी महिन्याला एक. दिवसभराच्या कामाची मजुरी २० सेंट ते एक डॉलर, आणि त्या वेळी देशाचे किमान वेतन तासाला १ डॉलर ६० सेंट होते. पत्रे उघडली जात. स्पॅनिश भाषेतील पत्रे वाचणारा कोणी नसल्याने ती अनेकदा केराच्या टोपलीत जात. आणीबाणीत ज्यांनी कारावास भोगला त्यांना टोपलीत गेलेल्या एका पत्राची किंमत समजावून सांगण्याची गरज नाही.

यांपैकी बहुतेकांचा गुन्हा वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरही येण्याजोगा नव्हता. एलियट बार्कली हा एकवीस वर्षांचा तरुण. खोट्या धनादेशाचे जुने प्रकरण. त्यातून अटींवर सुटका झालेली. आणि परवान्याशिवाय मोटार चालविली म्हणून अट मोडली. एवढ्यासाठी त्याला राज्याच्या सर्वांत कडक तुरुंगात आणून ठेवले होते.

आणि पहारेकरी? त्यांचाही विचार समाजवाद्याने करावयास हवा. जवळपास सारेच गोरे, आसपासच्या गावांतले. दुधाच्या धंद्यावर आणि शेतीवर पोट भरेनासे झाले म्हणून या नोकरीत आलेले. या कामाचे फारसे शिक्षण त्यांना कोणी दिले नव्हते. एकेकाच्या अंगावर साठ-सत्तर कैदी सोपविलेले. आपल्या दंडुक्याला त्यांनी काळ्या माणसाच्या नावाची शिवी जोडली होती. खेड्यातला गरीब आणि शहरातला गरीब यांना एका भिंतीच्या आत समोरासमोर उभे करून राज्य स्वतः बाहेर राहिले होते.

१९७० साली धातुकारखान्यातील कैद्यांनी मजुरीसाठी काम बंद ठेवले. मजुरी थोडी वाढली. पुढाऱ्यांना शिक्षा म्हणून इतरत्र हलविले. १९७१ च्या उन्हाळ्यात कैद्यांच्या एका गटाने सुधारणा-आयुक्त रसेल ऑसवल्ड यांना मागण्यांचे निवेदन पाठविले. भाषा सौम्य, मागण्या साध्या: पुरेसे अन्न, वैद्यकीय उपचार, न्याय्य मजुरी, धर्माचरणाचे स्वातंत्र्य. ऑगस्टच्या २१ तारखेला दूर कॅलिफोर्नियात, सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात, जॉर्ज जॅक्सन हा कृष्णवर्णीय बंदी आणि लेखक पहारेकऱ्यांच्या गोळीने मेला. दुसऱ्या दिवशी सकाळी ॲटिकाच्या भोजनगृहात शेकडो कैदी दंडाला काळी फीत बांधून आले, बसले, कोणी घास घेतला नाही, कोणी बोलले नाही. ऑबर्नने जी शांतता चाबकाने लादली होती तीच आता कैद्यांनी स्वतःहून पाळली, आणि तिने पहारेकऱ्यांचा थरकाप झाला. सप्टेंबरच्या आरंभी आयुक्त ॲटिकाला आले, परंतु घरच्या आजारपणामुळे त्यांना लगेच परतावे लागले. जाताना ते आपले भाषण ध्वनिमुद्रित करून ठेवून गेले. सुधारणांना वेळ लागेल, धीर धरा, असा त्यातला आशय. यंत्रातून आलेला तो धीर ज्यांनी ऐकला त्यांच्या मनःस्थितीची कल्पना करता येते.

९ सप्टेंबरला सकाळी एका किरकोळ गैरसमजातून चकमक उडाली. मधल्या चौकातले लोखंडी फाटक कैद्यांच्या रेट्याने कोसळले. त्याच्या एका दांड्याचा सांधा मुळातच कच्चा होता आणि तो दोष रंगाखाली झाकून गेलेला होता. चाळीस वर्षे अभेद्य समजल्या गेलेल्या व्यवस्थेचे खरे बळ एवढेच होते. त्या धुमश्चक्रीत विल्यम क्विन या पहारेकऱ्याच्या डोक्यावर घातक मार बसला. दुपारपर्यंत सुमारे तेराशे कैदी 'डी' पटांगणात जमले आणि चाळिसाच्या आसपास पहारेकरी व नोकर त्यांनी ओलीस धरले.

नंतरचे चार दिवस राजकीय कार्यकर्त्याने लक्षपूर्वक अभ्यासावेत असे आहेत. ज्यांना समाजाने श्वापद ठरविले होते त्यांनी प्रत्येक इमारतीतून आपले प्रतिनिधी निवडले. संडासासाठी चर खणले, जखमींसाठी जागा केली, ओलिसांना मारहाण होऊ नये म्हणून मुस्लिम कैद्यांचे कडे त्यांच्याभोवती बसविले. काळे, गोरे, पोर्तोरिकन एकाच ध्वनिक्षेपकावरून बोलत होते. आम्ही माणसे आहोत, पशू नव्हे, या आशयाचे निवेदन दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यासमोर वाचून दाखविले ते त्याच बार्कलीने. मात्र हे चित्र निष्कलंक होते असे म्हणणे असत्य ठरेल. त्याच चार दिवसांत तीन कैद्यांना त्यांच्याच सोबत्यांनी ठार केले. बंडाविषयी आत्मीयता असणाऱ्यांनी हा आकडा गाळू नये.

कैद्यांच्या मागणीवरून निरीक्षक आले. त्यांत वकील विल्यम कुन्स्टलर होते, न्यूयॉर्क टाइम्सचे टॉम विकर होते, राज्याच्या विधिमंडळातील कृष्णवर्णीय प्रतिनिधी आर्थर ईव्ह होते. वाटाघाटी झाल्या आणि ऑसवल्ड यांनी २८ मागण्या मान्यही केल्या. अडले ते माफीपाशी. ११ तारखेला क्विन मरण पावला. पहारेकऱ्याच्या खुनाला न्यूयॉर्कमध्ये देहदंड होता, त्यामुळे माफीवाचून शरण जाणे म्हणजे कोणाच्या तरी गळ्यात फास अडकविणे होते. गव्हर्नर नेल्सन रॉकफेलर यांनी येथवर यावे, पटांगणात नव्हे, निदान भिंतीबाहेर तरी, अशी विनवणी निरीक्षकांनी केली. तेलसम्राटाचे हे नातू आले नाहीत. राष्ट्राध्यक्षपदाची आकांक्षा बाळगणाऱ्याला कैद्यांशी बोलताना दिसणे परवडणारे नव्हते.

१३ सप्टेंबर, सोमवार, सकाळचे पावणेदहा. पाऊस पडत होता. हल्ला टाळण्यासाठी कैद्यांनी आठ ओलिसांना वरच्या वाटेवर नेऊन त्यांच्या गळ्याला सुरे लावून उभे केले होते. हेलिकॉप्टरमधून अश्रुधूर सोडण्यात आला आणि त्या धुरात राज्य-पोलिसांनी व त्यांच्यासोबत तुरुंगाच्या पहारेकऱ्यांनीही गोळीबार सुरू केला. रायफली होत्या, आणि एका बारात अनेक छर्रे फेकणाऱ्या बंदुकाही होत्या. गर्दीत असे शस्त्र कैदी कोण आणि ओलीस कोण हे पाहत नाही. कैद्यांकडे एकही बंदूक नव्हती. काही मिनिटांत १२८ जणांना गोळ्या लागल्या. २९ कैदी आणि १० ओलीस मेले. बार्कली त्यांत होता. क्विन आणि आधीचे तीन कैदी धरून एकूण मृत ४३.

त्यानंतर जे घडले ते लिहिताना लेखणी अडखळते. वाचलेल्यांना विवस्त्र करून चिखलातून रांगविले, पहारेकऱ्यांच्या दुतर्फा रांगांमधून दंडुक्यांचा मार खात पळविले. निरीक्षकांच्या संरक्षणाची व्यवस्था पाहणाऱ्या फ्रँक स्मिथ या कैद्याला एका मेजावर उताणे निजवून त्याच्या हनुवटीखाली चेंडू ठेवला आणि तो पडला तर ठार मारू, अशी धमकी देऊन तासन्तास तसेच ठेवले.

त्याच दिवशी सरकारी प्रवक्त्यांनी पत्रकारांना सांगितले की कैद्यांनी ओलिसांचे गळे चिरले. एका ओलिसाचे तर लिंग कापले. न्यूयॉर्क टाइम्ससारख्या प्रतिष्ठित पत्रानेही गळे चिरल्याचे वृत्त छापले. देशभर संतापाची लाट उठली, आणि ती कैद्यांवर. निक्सन यांनी दूरध्वनीवरून रॉकफेलरांची पाठ थोपटली. ओलिसांची प्रेते शवविच्छेदनासाठी रॉचेस्टर येथे डॉक्टर जॉन एडलंड यांच्याकडे पाठविण्यात आली. एडलंड हे कोणी क्रांतिकारक नव्हेत. वृत्तीने पुराणमतवादी, सरकारी वैद्यकीय तपासनीस. त्यांनी रात्रभर काम केले आणि १४ तारखेला जाहीर केले की आपल्याकडे आलेला प्रत्येक ओलीस गोळीने मेला आहे. बंदुका एकाच पक्षाकडे होत्या. ज्याचे लिंग कापल्याचे सांगितले गेले तो ओलीस गोळ्यांनी घायाळ होऊन इस्पितळात जिवंत होता. राज्याने दुसरे तज्ज्ञ आणून पाहिले. त्यांचाही निष्कर्ष तोच निघाला. एडलंड यांना मात्र धमक्या आणि शिव्याशाप सोसावे लागले. त्यांनी शब्द मागे घेतला नाही. त्यांचे नावही कोणत्या यादीत नसते.

पुढची न्यायाची कहाणी हिशेबाच्या वहीसारखी कोरडी आहे आणि म्हणूनच बोलकी. ६२ कैद्यांवर आरोपपत्रे दाखल झाली. गोळीबार करणाऱ्यांपैकी एका पोलिसावर, तेही हलगर्जीपणाचे. पुरावा गोळा करण्याचे काम त्याच पोलीस दलाकडे होते ज्याने गोळ्या झाडल्या. कोणती रायफल कोणाच्या हाती होती याची धड नोंद ठेवलेली नव्हती. माल्कम बेल या सरकारी अभियोक्त्याने पोलिसांविरुद्धचे खटले दडपले जात असल्याचे पाहून १९७४ च्या डिसेंबरात राजीनामा दिला आणि पुढे ते जाहीरपणे मांडले. त्याच महिन्यात रॉकफेलर देशाचे उपराष्ट्राध्यक्ष झाले. नवे गव्हर्नर ह्यू केरी यांनी १९७६ च्या अखेरीस दोन्ही बाजूंची सारी प्रकरणे मिटवून टाकली. कैद्यांनी १९७४ मध्ये लावलेल्या दाव्यात २००० साली ऐंशी लाख डॉलरांची तडजोड झाली, वकिलांचे चाळीस लाख वेगळे. अपराध कबूल न करता. सव्वीस वर्षांत किती वादी वारले असतील!

पहारेकऱ्यांच्या विधवांशी राज्य याहून वेगळे वागले असेल असे कोणाला वाटत असल्यास त्याने पुढील तपशील ऐकावा. गोळीबारानंतर काही आठवड्यांतच राज्याने या स्त्रियांना नोकरीतील अपघाताच्या भरपाईचे लहानलहान धनादेश धाडले. घरात पोरे, चूल पेटवावयाची. त्यांनी ते वटविले. धनादेश वटविला की राज्याविरुद्ध दावा करण्याचा हक्क संपतो, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. न्यायालयात गेल्यावर ते कळले. एकीने मात्र सल्ला ऐकून धनादेश तसाच ठेवला होता. तिला १९८० च्या दशकात न्यायालयाकडून व्याजासह दहा लाख डॉलरांहून अधिक रक्कम मिळाली. बाकीच्यांनी अनेक वर्षांनी संघटना बांधली आणि २००५ साली एक कोटी वीस लाख डॉलरांची भरपाई मिळविली. राज्यासाठी उभे राहिलेले आणि राज्याच्याच गोळीने मेलेले हे नोकर. त्यांच्या बायकांचा हक्क राज्याने एका सहीत विकत घेतला होता.

बंडानंतर काही सुधारणा झाल्या हे खरे. स्नान वाढले, अन्न सुधारले, ग्रंथालये आली. पण त्याच रॉकफेलर यांनी १९७३ साली अंमली पदार्थांविषयीचे कायदे आणले. काही औंस माल जवळ सापडला तरी किमान पंधरा वर्षे ते जन्मठेप. त्या दशकाच्या आरंभी राज्याच्या तुरुंगांत बारा-तेरा हजार माणसे होती. १९९९ साली ती ७१ हजारांवर गेली. त्यांना ठेवण्यासाठी उत्तरेकडच्या उजाड होत चाललेल्या गावांतून एकामागून एक तुरुंग बांधले गेले. ॲटिकाच्या शेजारीच दुसरा तुरुंग १९८४ मध्ये उभा राहिला. कारखाने गेलेल्या प्रदेशाला तो एक नवा उद्योग मिळाला. कच्चा माल शहरातून येई. जनगणनेत कैदी तुरुंगाच्या गावचे रहिवासी म्हणून मोजले जात, आणि त्या मोजणीवर मतदारसंघ आखले जात. मत देण्याचा अधिकार नसलेल्या माणसांच्या डोक्यांवर खेड्यातल्या प्रतिनिधीचे वजन वाढे, आणि त्यांच्या मूळ वस्तीचे तेवढेच घटे. न्यूयॉर्कने ही पद्धत २०१० मध्ये कायद्याने बंद केली. त्याआधीच्या वर्षी रॉकफेलरी कायद्यांतील मोठा भाग रद्द झाला. कैद्यांची संख्या उतरली आणि अनेक तुरुंगांना कुलूप लागले. त्या वेळी तुरुंग बंद करू नका म्हणून मोर्चे निघाले ते त्याच गावांतून. मजुरीचे म्हणाल, तर बहुतेक कैद्यांना आजही तासाला एक डॉलर मिळत नाही.

ॲटिका अजून चालू आहे. २०११ च्या ऑगस्टमध्ये तेथे एका कृष्णवर्णीय कैद्याला पहारेकऱ्यांनी असे मारले की त्याचे पाय मोडले. तीन पहारेकऱ्यांवर खटला उभा राहिला. मार्च २०१५ मध्ये तिघांनी कर्तव्यातील गैरवर्तनाचा किरकोळ आरोप मान्य केला, नोकरी सोडली, आणि कोणालाही कैद झाली नाही. तुरुंगाच्या प्रवेशद्वाराबाहेर १९७१ च्या मृतांचे एक दगडी स्मारक आहे. त्यावर अकरा नावे कोरलेली आहेत: क्विन आणि दहा ओलीस. कैद्यांपैकी एकाचेही नाव तेथे नाही.